प्रोजेक्टर विका किंवा मांडा, पण आधी ऑपरेटरचं बोला

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेच्या बैठकीत एक विषय निघाला आणि दोन तास चालला. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हा वाद कुठेही होऊ शकतो. शाळेच्या टिकाऊ सामानाची जी जडसंग्रह नोंदवही असते, तिच्यात '१६ मिलिमीटर बोलपट प्रोजेक्टर, स्पीकर पेटीसह, नग २' अशी एक नोंद आहे. १६ मिलिमीटर म्हणजे फिल्मची रुंदी. दोन्ही मशिनी मागच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली. काहींचं म्हणणं, रीतसर निर्लेखन करा, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करा, किलोच्या भावात काढा आणि खोली डिजिटल वर्गाला द्या. माजी विद्यार्थ्यांना ते पटेना. त्यांना मशीन पुसून, रंगवून, प्रवेशद्वाराशी काचेच्या पेटीत मांडायचं आहे, खाली देणगीदारांची नावं. एक बाजू दुसरीला भावनाशून्य म्हणाली, दुसरी पहिलीला रडवी. मी दोन्हींकडचं ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की 'हे चालवणार कोण?' हा प्रश्न एकानेही विचारला नाही.

माझं मत आधीच सांगतो. ही मशिनी विकू नयेत आणि काचेतही ठेवू नयेत. दोनांतून एक चालती करावी, ती चालवायला किमान दोन माणसं शिकवावीत आणि वर्षातून ठरलेल्या दिवशी ती वर्गात लागावी. माणसं शिकवायची तयारी नसेल, तर मात्र मी विकणाऱ्यांच्या बाजूने हात वर करीन. न चालणारा प्रोजेक्टर काचेत असो की बाकांखाली, मुलांच्या लेखी तो सारखाच मेलेला असतो.

या मशीनने नेमकं काय बदललं, ते बैठकीतल्या तरुणांना माहीत नव्हतं आणि तो त्यांचा दोष नाही. थेटरातली ३५ मिलिमीटरची फिल्म त्या काळी नायट्रेटची असे, भसकन पेट घेणारी. म्हणून तिला अग्निरोधक खोली लागे, परवाना लागे. आपल्याकडे १९१८ चा सिनेमाचा कायदा आला, त्यात सेन्सॉरबरोबर थेटराच्या सुरक्षिततेचा विचार होता, तो याच भीतीपोटी. १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म आणली ती मुद्दाम ॲसिटेटवर, सहजासहजी न भडकणारी. मग १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांत तिला आवाज मिळाला. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असत, त्यांतली एका कडेची काढून टाकली आणि तिथे आवाजाची बारीक पट्टी छापली. एवढ्या बदलाने सिनेमा थेटराच्या भिंतीबाहेर पडला. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात स्पीकरची पेटी, खांद्यावर गुंडाळलेला पडदा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेने असल्या मशिनींवर सैनिकांना शिकवलं आणि युद्ध संपल्यावर तिथल्या शाळांनी त्या सर्रास घेतल्या. आपल्याकडे १९४८ ला सरकारी माहितीपट काढणारं फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, १९५५ ला मुलांच्या चित्रपटांसाठी वेगळी संस्था निघाली, आणि सरकारी प्रचाराच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या. आमच्याकडे तिला फिल्लमगाडी म्हणत.

मी पाचवीत असताना ती तापीकाठच्या आमच्या गावी आली होती. दुपारीच दवंडी झाली, 'रातले शाळामा सिनेमा शे.' जिनिंगच्या आवाराची भिंत चुन्याने पांढरी केलेली होती, पण ऑपरेटरने ती नाकारली आणि स्वतःचा पडदा बांधला. फिल्म हिवतापाची होती, हिंदीत. दहा मिनिटं झाली तरी बायकांच्या बाजूला कुजबुज थांबेना, कारण कुणाला काही कळत नव्हतं. तेव्हा ऑपरेटरने एक गोष्ट केली जी मला पुढे आयुष्यभर पुरली. मशीनच्या ॲम्प्लिफायरला माइक लावायची जागा असते. त्याने फिल्मचा आवाज बारीक केला, माइक आमच्या गुरुजींच्या हाती दिला आणि म्हणाला, तुम्ही सांगा. गुरुजी अहिराणीत बोलू लागले, 'आते देखा, पानी कोठे साचेल शे.' मागून एक म्हातारी ओरडली, 'मन्हा गोठाना मांगे बी शे!' सगळे हसले, गुरुजीही हसले. दुसऱ्या दिवशी चार पोरांनी तिच्या गोठ्यामागचा खड्डा बुजवला, त्यात मीही होतो. ती हिंदी फिल्म कुणी, कुठे काढली मला माहीत नाही. खड्डा बुजला तो माइक गुरुजींकडे गेला म्हणून.

फिल्म एकीकडची, भाषा दुसरीकडची आणि ऐकणारा तिसराच, ही अडचण खान्देशात कायमची आहे. पूर्वेला लेवा बोली, मधल्या पट्ट्यात अहिराणी, वर सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिली. प्रमाण मराठीतला धडासुद्धा तिथे अर्धा परका असतो. या अडचणीवर कुठल्याही यंत्राने परस्पर उत्तर दिलेलं नाही. उत्तर दिलं ते मशीनशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाने. मग आपल्या वादात तो माणूस कुठे आहे?

आता विकणाऱ्यांचे मुद्दे घेतो, कारण ते कच्चे नाहीत. पहिला मुद्दा असा की आज मोबाइलवर क्षणात जे दिसतं, त्यासाठी चाळीस मिनिटांचं रीळ वाहून आणण्यात काय अर्थ? माहिती पोचवण्याचं साधन म्हणून १६ मिलिमीटर हरलेलं आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो. ज्वालामुखी दाखवायचा असेल तर स्मार्ट बोर्डवरच दाखवावा. फिल्मचा जमाना परत आणा, असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. हे मशीन उघडता येतं. मी विज्ञान शिकवायचो तेव्हा वर्षातून दोनदा त्याचं झाकण काढून ते टेबलावर ठेवायचो. चित्र गेटपाशी, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीपाशी, झटक्या-झटक्याने सरकतं, सेकंदाला २४ वेळा थांबतं. आवाजाला मात्र थांबून चालत नाही, तो एकसारखा वाहावा लागतो. म्हणून आवाज वाचणारा ड्रम गेटच्या पुढे असतो आणि चित्राचा आवाज फिल्मवर त्या चित्राच्या २६ चौकटी, म्हणजे २६ चित्रं, पुढे छापलेला असतो. गेट आणि ड्रम यांच्यामध्ये फिल्मचा एक सैल लूप, म्हणजे वळसा, सोडायचा. तो सुटला की चित्र थरथरतं, मापात चुकला की ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. हे वाचून डोक्यात शिरत नाही, एकदा हाताने फिल्म ओवली की जन्मात विसरत नाही. ड्रमजवळ एक छोटा दिवा असतो, त्याचा बारीक किरण आवाजाच्या पट्टीतून आरपार जाऊन फोटोसेलवर, म्हणजे प्रकाशाची वीज करणाऱ्या भागावर, पडतो. फिल्म न लावता त्या किरणापुढून कंगवा फिरवला की स्पीकर गुरगुरतो. प्रकाशाचा आवाज होतो, हे मुलं स्वतःच्या कंगव्याने ऐकतात. कुठल्या स्मार्ट बोर्डचं पोट असं उघडून दाखवता येतं? तो बोर्ड वाईट आहे असं नाही, पण त्याच्या आत काय चाललंय ते मुलालाही दिसत नाही आणि मास्तरलाही.

एका वर्षी आमच्याकडे रद्दीत निघालेली वार्तापटाची फिल्म होती, रंगाने नाही पण ओरखड्यांनी वाया गेलेली. नववीच्या पोरांना कात्री आणि चिकटपट्टी दिली. त्यांनी पुराचं दृश्य कापलं आणि त्याच्यामागे कुठल्याशा उद्घाटनातल्या टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीचं दृश्य जोडलं. मशीनवर लावलं तर पडद्यावर लोक पुराला टाळ्या देत होते. वर्ग आधी हसला आणि मग गप्प झाला. पण गंमत पुढे होती. टाळ्यांचं चित्र आलं तरी सुमारे सेकंदभर आवाज पुराच्या पाण्याचाच ऐकू येत होता, कारण त्या २६ चौकटी. एक मुलगी उठून म्हणाली, 'सर, खोटं कुठे जोडलंय ते ऐकू येतं.' आज दहा-दहा वर्षांची पोरं मोबाइलवर व्हिडिओ कापतात, जोडतात, त्यांना हे शिकवायची गरज काय, असं मला कुणी विचारलं. कापता येणं आणि कापलेलं आहे हे मनात ठेवून पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलमध्ये सांधा दिसतही नाही, ऐकूही येत नाही. निवडणुकीच्या दिवसांत जोडलेल्या चित्रफिती गावागावांत फिरतात आणि शहाणी माणसं त्यावर भांडतात, तेव्हा मला ती मुलगी आठवते.

दुसरा मुद्दा सुट्या भागांचा. दिवा गेला, पट्टा तुटला तर आणायचं कुठून? हे खरंच अवघड आहे, आणि प्रत्येक मशीन चालती होणार नाही, हेही खरं. म्हणूनच मी दोनांतून एक म्हणतो, दुसरीचे भाग पहिलीला लावायचे. नंतरच्या काळात बनलेल्या बऱ्याच मशिनींना २४ व्होल्ट २५० वॅटचा हॅलोजन दिवा लागतो आणि तो अजून मिळतो. ॲम्प्लिफायर म्हणाल तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला त्यात नवल काहीच नाही. अडतं ते भागांपाशी कमी आणि हात लावायच्या भीतीपाशी जास्त.

ही भीती मी जवळून पाहिली आहे. अनुदानातून मशीन आलं, नोंदवहीत चढलं आणि किल्ली कपाटात गेली. दिवा उडाला तेव्हा त्या खर्चाला हेड, म्हणजे मंजूर खातं, नव्हतं. 'बिघडलं तर पगारातून कापतील' असं प्रत्येक नव्या शिक्षकाला जुना शिक्षक सांगायचा. मशीन वापरून मोडल्याचा जाब विचारला जातो, न वापरता गंजल्याचा कुणी विचारत नाही. १९८७ ला खडू-फळा मोहीम आली, तिच्यात विज्ञानाच्या पेट्या आल्या. मी दोन शाळांमध्ये त्या वर्षानुवर्षं सीलबंद पाहिल्या. आज त्याच जातीच्या खोल्यांत स्मार्ट बोर्डवर चादर टाकलेली दिसते, सॉफ्टवेअरची मुदत संपली आणि पासवर्ड बदली होऊन गेलेल्या मास्तरबरोबर गेला. विकणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, प्रोजेक्टर ज्या कारणाने बाकांखाली गेला ते कारण तुम्ही दूर केलंत का? नसेल तर पंधरा वर्षांनी हीच बैठक पुन्हा भरेल, नोंदवहीत फक्त वस्तूचं नाव बदललेलं असेल.

याउलट उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही पोचवायचा प्रयोग झाला, सहा राज्यांतली २,४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण त्या प्रयोगात संच दुरुस्त कोण करणार, किती दिवसांत करणार, याचा विचार संच पाठवण्याआधीच झालेला होता. दुरुस्ती ही प्रयोगाचाच भाग होती. आपल्या शाळांत दुरुस्ती ही कायम नंतर बघू अशी गोष्ट असते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो. तो बैठकीत एका तरुण वकिलाने घेतला, आणि चांगला घेतला. तो म्हणाला, तुम्ही ज्या फिल्लमगाडीचं कौतुक करता, ती सरकारी प्रचाराची गाडी होती. खरं आहे. धरणं, योजना, कुटुंबनियोजन, सगळं एका सुरात. उकाईच्या पाण्याखाली नवापूरकडची गावं गेली, आणि त्याच काळात पडद्यावर धरणांची भव्य दृश्यं लोक खाली मांडी घालून बघत होते. आणीबाणीत हा सूर आणखी चढला. पडद्यापुढे बसायची जागाही सगळ्यांना सारखी नव्हती, कोण पुढे आणि कोण मागे हे गावाच्या उतरंडीने आधीच ठरवलेलं असे. मी पाहिलेली बाई मागूनच ओरडली होती, हे मी वर लिहिलं आहे. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही.

पण वकीलसाहेबांच्या मुद्द्यावरून माझी बाजू आणखी पक्की होते. प्रचार तेव्हाही होता, आज तर कितीतरी पट आहे. तेव्हा तो शंभर माणसांपुढे एकदम यायचा आणि त्या शंभरांतलं कुणीतरी मध्येच ओरडू शकायचं. ऑपरेटर रीळ बदलायला थांबायचा, त्या पाच मिनिटांत लोक एकमेकांशी बोलायचे, भांडायचे. ४०० फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटांचं, त्यामुळे थांबणं ठरलेलंच. आज तोच प्रचार एकेकट्याच्या हातात येतो, रजईखाली, रात्री. त्याला मध्येच प्रश्न कोण विचारणार? मुलांनी एकत्र बसून बघायचं, मधे थांबायचं, बोलायचं आणि मग पुढचं रीळ लावायचं, ही सवय वर्गात मुद्दाम लावावी लागेल. डिजिटल पडद्यावरही ती लावता येते, मान्य. पण तिथे थांबायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता काचेची पेटी मागणाऱ्यांशी दोन शब्द, कारण ते माझे मित्र आहेत. तुम्हाला ज्याची हळहळ वाटते ते मशीन जगात अजून बरंच आहे. खरी दुर्मीळ गोष्ट त्याच खोलीतल्या पत्र्याच्या डब्यांत आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही बोललाच नाहीत. डब्यांत काय आहे, कुणी उघडून पाहिलंय? सरकारी फिल्मच्या प्रती असतील तर बहुतेक दुसरीकडेही असतील. पण एखाद्या स्नेहसंमेलनाची, एखाद्या घरच्या लग्नाची, पुराची फिल्म असेल तर? आपल्याकडे काही व्यापारी, डॉक्टर, बागायतदार घरांत लहान कॅमेरे होते आणि घरात भिंतीवर चादर लावून पाहायचे प्रोजेक्टरही होते. त्यांतली बहुतेक फिल्म रिव्हर्सल जातीची, म्हणजे कॅमेऱ्यातून गेली तीच धुऊन पडद्यावर लागते. तिला निगेटिव्ह नसते. एक रीळ गेलं की ते सगळं कायमचं गेलं.

इथे मला माझ्याच बाजूच्या उत्साही लोकांनाही थांबवायचं आहे. असली एकुलती फिल्म प्रोजेक्टरवर लावू नका. जुनी ॲसिटेट फिल्म आटते, भोकं दात्यांत बसत नाहीत आणि एका फेरीत चिंध्या होतात. डबा उघडल्यावर शिरक्याचा वास आला तर ती सडायला लागली आहे, आणि उष्णतेने ती सड वाढते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तिथे पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल? असे डबे इतर डब्यांपासून वेगळे काढावेत, शक्य तितक्या थंड जागी ठेवावेत आणि स्कॅन करायला पाठवावेत. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, २०२२ पासून ते चित्रपट विकास महामंडळात सामील झालं आहे. तिथे पत्र लिहून विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्गातल्या मशीनवर लावायची ती फक्त दुसरीकडे प्रत आहे अशी किंवा माझ्या त्या वार्तापटासारखी रद्दी फिल्म. देशातला पहिला बोलपट १९३१ चा, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो कुणी शत्रूने जाळला नाही, तो आपल्या हातून गेला.

धुळ्यात राहणाऱ्याला तरी हे सांगावं लागू नये. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करत कुणाच्या माळ्यावरचं, कुणाच्या अडगळीतलं जुनं दप्तर मागत फिरले. ज्यांच्या घरात ते कागद होते त्यांना ती रद्दी वाटायची. राजवाड्यांनी त्यातून २२ खंड उभे केले. १९२६ ला ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. आपण मंडळाच्या इमारतीकडे अभिमानाने बोट दाखवतो, मग त्याच जिल्ह्यातले फिल्मचे डबे न उघडता भंगारात कसे घालतो? राजवाड्यांना कागद नुसते जपायचे नव्हते. ते त्यांनी वाचले, लावले, छापले. अमळनेरला सानेगुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहून काढत. शाई आणि कागद सगळ्यांकडेच होते, रोज रात्री बसून लिहिणारा मात्र एकच होता.

पैशाचा प्रश्न राहिला. ज्या शाळेत मुलींना धड स्वच्छतागृह नाही तिथे प्रोजेक्टरवर खर्च का, असं एका बाईंनी विचारलं, आणि तो प्रश्न मला टोचला. नव्या खरेदीचा विषय असता तर मीही त्यांच्याच बाजूने बोललो असतो. पण मशीन आहे. भंगारात त्याचे जे येतील त्यात स्वच्छतागृहाचं दारही बसणार नाही. लागतात ते एका दिव्याचे पैसे आणि दोन माणसांचे चार रविवार. फिल्लमगाडीवर किंवा थेटरात काम केलेले ऑपरेटर आपल्या तालुक्यांत अजून आहेत, सत्तरीत, पंच्याहत्तरीत. त्यांच्या बोटांना लूप किती सैल सोडायचा ते ठाऊक आहे. ते ज्ञान आमच्या जडसंग्रह नोंदवहीत चढलेलं नाही आणि त्याचं निर्लेखन कुणाच्याही सहीशिवाय होणार आहे, येत्या पाच-दहा वर्षांत.

पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. ठरावाचा मसुदा माझ्याकडे आला आहे, त्यात 'नग २ निर्लेखित करण्यात यावेत' असं वाक्य आहे. त्याजागी मी हे लिहून दिलं आहे: 'फिल्मचे सर्व डबे उघडून त्यांची यादी करावी. जोवर यादी होत नाही तोवर काहीही बाहेर जाऊ नये. दोन मशिनींतून एक चालती करावी. विज्ञानाच्या दोन शिक्षकांनी ती चालवायला शिकावी, आणि वापरात काही मोडलं तर त्याची वसुली त्यांच्याकडून होणार नाही.' शेवटच्या ओळीवरून भांडण होईल. बाकीच्या ओळी बदलल्या तरी चालतील, ती मी काढू देणार नाही.